पहिला डॉक्टर

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची हकीकत आहे. शब्बाथशाळेतील लहान मुलेही ती सांगतात. गर्दीतून तिने प्रभूच्या वस्त्राला हात लावला आणि ती बरी झाली, एवढे सांगून आपण बहुधा पुढे जातो. परंतु त्याच्या आधी मार्काने तिच्या बारा वर्षांचा हिशेब दिला आहे, तो आपण घाईने वाचतो. तिने अनेक वैद्य केले, त्यांच्या उपचारांचा त्रास काढला, पैसा संपला आणि दुखणे मात्र वाढले, असा तो हिशेब आहे. लूकही हीच हकीकत सांगतो, पण वैद्यांवरील ठपका त्याच्या लेखणीतून बराच सौम्य होऊन उतरतो. लूक स्वतः वैद्य होता, हे कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावरून आपणांस ठाऊक आहे. व्यवसायबंधूंची त्याने थोडी बाजू घेतली असावी, असे शास्त्राचे अभ्यासक कधी कधी हसत म्हणतात.

त्या स्त्रीला वैद्य मिळाले नाहीत असे नव्हते. पुष्कळ मिळाले. त्यांतील एकाला तरी तिची सगळी हकीकत ठाऊक होती काय, हे शास्त्र सांगत नाही; पण आज आपल्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्या माणसांकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न विचारावासा वाटतो. आजारी पडल्यावर प्रथम कोणाकडे जावे? आणि ज्याच्याकडे आपण प्रथम जातो त्याचे आपण काय देणे लागतो, व तो आपले काय देणे लागतो? पहिला प्रश्न व्यवहाराचा दिसतो व दुसरा नीतीचा. आमच्या अनुभवात ते एकमेकांपासून वेगळे काढता आलेले नाहीत.

बेळगावात आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. त्यांच्या घराण्याचा डॉक्टर तीस वर्षे एकच होता. एम.बी.बी.एस. झालेला, साध्या दवाखान्यात बसणारा. मुलांचे गोवर-कांजिण्या, काकांचा रक्तदाब, सुनेचे पहिले बाळंतपण कोठे करावे याचा सल्ला, सगळे त्याच्याकडे. पुढे काकांना खोकला लागला. डॉक्टरांनी जुना दमा समजून औषध दिले, मग दुसरे दिले. असे अडीच महिने गेले. शेवटी काकांना ताप येऊ लागला, वजन उतरले, तेव्हा थुंकी तपासली गेली आणि क्षय निघाला. दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला की थुंकी तपासावी, हा नियम आज सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेला असतो. डॉक्टरांना तो ठाऊक नव्हता असे नाही. माणूस परिचयाचा, खोकला परिचयाचा, म्हणून त्यांना तो जुनाच वाटला. काकांनी सहा महिने औषध घेतले, क्षय बरा झाला, पण फुप्फुसे गेली ती गेलीच. घरातल्या नातीलाही प्रतिबंधक गोळ्या द्याव्या लागल्या. दोन वर्षांनी काका प्रभूकडे गेले.

निदान झाले त्याच आठवड्यात डॉक्टर स्वतः मावशींच्या घरी आले होते. “चूक माझी झाली, मावशी. मी थुंकी आधीच तपासायला पाठवायला हवी होती,” एवढेच ते बोलले. मावशींनी त्यांना बसा म्हटले नाही की चहा विचारला नाही. त्यानंतर त्या घरातील कोणी त्या दवाखान्याची पायरी चढले नाही.

मग मावशींनी पुष्कळ डॉक्टर केले. येथे थोडे थांबून हे डॉक्टर कोण कोण असतात ते पाहिले पाहिजे. कारण पाट्यांवरची अक्षरे वाचूनही त्यांचा अर्थ न समजणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि आम्हीही काल-परवापर्यंत त्यांतलेच होतो.

आमच्या आजोबांच्या काळी प्रश्न सोपा होता. डॉक्टर म्हणजे डॉक्टर. मिरजेला वानलेससाहेबांचे मिशन इस्पितळ १८९४ साली सुरू झाले आणि काही वर्षांतच तेथे वैद्यकीय शाळा निघाली. अशा शाळांतून पदवी न घेता परवाना घेऊन बाहेर पडणारे डॉक्टर गावोगावी बसत. मुंबई इलाख्यातील म्हाताऱ्या माणसांना ‘एल.सी.पी.एस. डॉक्टर’ हे शब्द अजून आठवतात. वेल्लोरला आयडा स्कडर बाईंनी १९१८ साली मुलींसाठी जी शाळा काढली तीही आरंभी परवान्याचीच होती, एम.बी.बी.एस. तेथे १९४२ पासून आले. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० नोंदलेले डॉक्टर होते आणि त्यांपैकी जवळजवळ ३०,००० परवानाधारक होते. म्हणजे खेड्यापाड्यातला पहिला डॉक्टर बहुधा हाच. समितीने शिफारस केली की यापुढे एकाच दर्जाचा, पदवीधर असा मूलभूत डॉक्टर तयार करावा. काही सभासदांनी असहमती नोंदवली. देशात डॉक्टरांची एवढी टंचाई असताना हा वर्ग बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताचे मत पुढे चालले. समितीची इच्छा अशी होती की हा पदवीधर समाजाचा डॉक्टर व्हावा. झाले असे की एम.बी.बी.एस. ही पुढच्या पदवीच्या जिन्याची पहिली पायरी ठरली, आणि त्या पायरीवरच राहिलेल्याला लोक ‘नुसता एम.बी.बी.एस.’ म्हणू लागले. त्या ‘नुसता’ शब्दात आपलाही वाटा आहे.

आता पाट्यांकडे येऊ. एम.बी.बी.एस. म्हणजे साडेचार वर्षे शिक्षण व एक वर्ष इस्पितळात उमेदवारी. त्यानंतर मेडिसिन विषयात तीन वर्षे अधिक शिकून एम.डी. झालेल्यास आपण फिजिशियन म्हणतो. तो मोठ्या माणसांच्या आतल्या आजारांचा जाणकार. हृदय, मूत्रपिंड, मधुमेह यांचा गुंता त्याला अधिक उकलतो, पण लहान मूल त्याच्याकडे नेऊ नये. मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ वेगळा. आणि आणखी एक प्रकार आहे, त्याची पाटी आपल्याकडे क्वचितच दिसते. फॅमिली मेडिसिन या विषयातच एम.डी. किंवा डी.एन.बी. करता येते, तान्ह्या मुलापासून आजीपर्यंत सर्वांना पाहणे हीच त्याची तीन वर्षांची विद्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर आधीच व्यवसायात असलेल्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी या विषयाचा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम २००६ पासून चालविला. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी ‘इंटर्निस्ट’ हा शब्द ऐकला असेल. तो आपला फिजिशियन, फक्त तेथे तो पुष्कळांचा नेहमीचा, पहिला डॉक्टरही असतो.

बी.ए.एम.एस. आणि बी.एच.एम.एस. हे आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर. आपल्या गल्लीबोळांत रात्री नऊ वाजता दार उघडे असते ते बहुधा यांचेच, आणि त्यांच्याविषयी तुच्छतेने बोलण्याचा अधिकार, रात्री नऊला दार बंद ठेवणाऱ्यांना तरी, आम्ही देणार नाही. तथापि त्यांनी ॲलोपॅथीची औषधे कोठवर द्यावीत याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. आमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात असा निर्णय दिला की, होमिओपॅथीच्या पदवीधराने न शिकलेल्या ॲलोपॅथीची औषधे देणे हाच हलगर्जीपणा होय. विचारावे, “डॉक्टर, ही गोळी आपल्या शास्त्रातली की दुसऱ्या?” विचारण्यात अपमान नाही. जो रागावतो त्याने उत्तर दिलेच, असे समजावे.

आणि पहिली भेट डॉक्टरशीच व्हावी असेही नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. दोघेही वेल्लोरचे विद्यार्थी. गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी शिकविले. गरोदर बाईची तपासणी, मुलाचे वजन, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी आणि कोणाला इस्पितळात पाठवायचे याची पारख. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. सरकारनेही २०१८ पासून उपकेंद्रांत सामुदायिक आरोग्य अधिकारी नेमण्यास आरंभ केला. त्यांत परिचारिका पुष्कळ आहेत. या केंद्रांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. जामखेडच्या त्या बायांना वैद्यक थोडे येत होते, पण कोणाच्या घरात चूल पेटली नाही हे ठाऊक होते. शहरातील कोणत्या तज्ज्ञाला ते ठाऊक असते?

मावशींकडे परत येऊ. काकांच्या नंतरच्या पाच वर्षांत त्यांनी रक्तदाबासाठी एक फिजिशियन केला, गुडघ्यांसाठी हाडांचा डॉक्टर केला, आणि गुडघा फारच ठणकला की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन सुई घेण्याची सवय लावून घेतली. प्रत्येकाने आपापल्या परीने योग्य तेच केले असेल. गल्लीतल्या सुईची गोष्ट मात्र त्यांनी दोन्ही मोठ्या डॉक्टरांना सांगितली नाही. “ते रागावतील” म्हणून. पुढे पाय सुजू लागले. हृदयाच्या डॉक्टरकडे गेल्या, त्यांनी हृदय ठीक आहे म्हटले, आणि त्यांचे म्हणणे खरेच होते. मुलगा पुण्याला, मुलगी वडोदऱ्याला. फोनवर दोघेही नव्या तज्ज्ञाचे नाव सांगत. शेवटी आम्हीच भीत भीत जुन्या डॉक्टरांचे नाव काढले. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुम्ही बरोबर येणार असाल तर जाऊ.”

डॉक्टरांनी छातीला नळी लावण्याआधी म्हटले, “मावशी, घरात जेवढी औषधे आहेत तेवढी सगळी पिशवीत घालून आणा. बंद केलेलीसुद्धा.” दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पिशवी टेबलावर ओतली. अकरा पाकिटे निघाली. आम्लपित्ताची गोळी तीन डॉक्टरांनी तीन नावांनी दिलेली होती. हाडांच्या डॉक्टरांची वेदनाशामक गोळी आणि गल्लीतली सुई, नावे वेगळी असली तरी, औषध एकच होते. ते औषध रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर आणि लघवी वाढविणाऱ्या गोळीबरोबर पोटात गेले म्हणजे मूत्रपिंडे थकतात. रक्त तपासले, क्रिएटिनिन २.४ होते. वेदनाशामक बंद झाले, डॉक्टरांनी आमच्यासमोरच फिजिशियनला फोन करून सगळे सांगितले, रक्तदाबाची गोळी बदलली. काही आठवड्यांनी तो आकडा १.५ वर आला. त्याहून खाली आला नाही. येणार नाही असेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

यात त्यांनी विद्वत्तेचे असे काही केले नाही. अकरा पाकिटे कोणीही मोजली असती. पण चार डॉक्टरांपैकी कोणी मोजली नव्हती, कारण सगळी मावशी कोणासमोरच आली नव्हती; एकाकडे रक्तदाब गेला, दुसऱ्याकडे गुडघे गेले, तिसऱ्याकडे सुजलेले पाय गेले. आणि हा दोष डॉक्टरांचाच होता असे आम्हांला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. मार्काच्या त्या हकीकतीत प्रभू थांबतो, कोणी स्पर्श केला असे विचारतो, आणि ती स्त्री कापत कापत पुढे येऊन त्याला सर्व काही खरे सांगते. पाचव्या अध्यायातील तेहतिसावे वचन पाहावे. ती बरी तर आधीच झाली होती. तरी सांगितल्याशिवाय ती घरी गेली नाही, आणि त्यानंतरच तिला शांतीने जाण्यास सांगण्यात आले. बारा वर्षांत सर्व काही खरे सांगण्याची संधी तिला प्रथमच मिळाली असेल काय, असा विचार आमच्या मनात येतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना हा प्रश्न विचारून पाहावा. मुले फार चांगली उत्तरे देतात.

ओळख किती कामाची असते याला आता आकड्यांचाही आधार आहे. नॉर्वेमध्ये २००१ पासून प्रत्येकाला आपला नेहमीचा डॉक्टर नोंदवून ठेवता येतो. तेथील सुमारे ४५ लाख लोकांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. एकच डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ असलेल्यांत, तो वर्षभराच्या आतला असलेल्यांच्या तुलनेत, अवेळी धाव घेण्याचे, तातडीने इस्पितळात दाखल होण्याचे व मृत्यूचे प्रमाण पाव हिश्शाने किंवा त्याहून थोडे अधिक कमी आढळले. जुना डॉक्टर हेच त्याचे एकमेव कारण, असे यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण वर्षे जसजशी वाढली तसतसा फरकही वाढत गेला, हे विचार करण्याजोगे आहे.

परंतु याच ओळखीने काकांचा घात केला, हे आम्ही विसरलेलो नाही. ओळखीचा माणूस नीट पाहिला जात नाही. तो आपल्याला ठाऊकच आहे असे वाटते. तेव्हा जुन्या डॉक्टरावरील निष्ठा आंधळी असू नये. खोकला दोन आठवडे राहिला तर रोग्याने स्वतः म्हणावे, “डॉक्टर, थुंकी तपासू या का?” आणि डॉक्टरानेही, जेथे आपली समज संपते तेथे दुसऱ्याकडे पाठवावे. पाठविण्यातही एक पाप शिरलेले आहे, त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे: ‘कट’. रोगी पाठविल्याबद्दल तज्ज्ञाकडून किंवा तपासणी केंद्राकडून पैसे घेणे हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी निषिद्ध ठरविले, तरी ते चालते. पहिला डॉक्टर हा द्वारपाळ आहे. त्याने दारच विकले तर आत जाणारा काय करील? आपल्या मंडळ्यांतही डॉक्टर आहेत, प्रयोगशाळा चालविणारे आहेत. त्यांच्याशी याविषयी प्रेमाने पण उघड बोलण्याचे धैर्य आम्हांला अद्याप झालेले नाही, हे येथे कबूल करतो.

आता मूळ प्रश्न. मावशींनी त्या डॉक्टरांकडे परत जावे असे आम्ही सुचविले, ते बरोबर केले काय? मंडळीतील एका भावाने आम्हांला विचारले, “क्षमा करावी हे खरे, पण क्षमा केली म्हणजे पुन्हा त्याच्याच हातात नाडी द्यावी, असे कोठे लिहिले आहे?” कोठेही लिहिलेले नाही. क्षमा एक व विश्वास दुसरा. क्षमा आपण प्रभूच्या आज्ञेने देतो, समोरचा योग्य असो वा नसो. विश्वास मात्र पाहून, पारखून द्यावा लागतो. विशेषतः दुसऱ्याचा जीव मध्ये असताना. तोच डॉक्टर आपली चूक लपविता, कागद बदलता, किंवा दुसऱ्यावर ढकलता, तर त्याला मनोमन क्षमा करूनही आम्ही मावशींना तिकडे नेले नसते. नेले ते त्या एका वाक्यासाठी, जे त्यांनी मावशींच्या दारात उभे राहून उच्चारले होते. ते बोलण्यात त्यांचे नुकसान होते. कोर्टकचेरी होऊ शकली असती. जो आपल्याविषयी खरे बोलला तो आमच्याविषयीही खरे बोलेल, असा आम्ही अंदाज केला. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पेत्राकडे मेंढरे सोपविली जातात, ती तीन वेळा प्रश्न विचारून, हेही आम्हांला त्या वेळी आठवले होते. सोपविण्याआधी विचारणे झाले.

हा अंदाज चुकू शकला असता. एम.डी. हे अक्षर पाटीवर वाचता येते, खरेपणा वाचता येत नाही. आणि नुसत्या खरेपणाने क्षय ओळखू येत नाही. म्हणूनच आम्ही मावशींना सांगितले की फिजिशियन सोडू नका, वर्षातून दोनदा जा, आणि जुन्या डॉक्टरांकडे प्रथम जा. दोघांनाही तीच वही दाखवा. मावशींनी दोनशे पानी वही घेतली आहे. डाव्या पानावर औषधे, उजव्या पानावर कोण काय म्हणाले ते. गल्लीतल्या दवाखान्यात त्या अजून कधी कधी जातात, पण आता तेही वहीत लिहितात, आणि डॉक्टर रागावत नाहीत. सुईत काय होते ते विचारून घेऊन या, एवढेच म्हणतात.

मागल्या महिन्यात डॉक्टर त्यांच्या घरी रक्तदाब पाहायला आले होते. मावशींनी चहा केला. त्यांचा मुलगा त्या वेळी पुण्याहून आलेला होता. तो आतल्या खोलीत बसून राहिला, बाहेर आला नाही. वडील त्याचे गेले. त्याला आम्ही काही म्हणालो नाही.